पूर्वेकडचा खड्या

२ मे

बरणीच्या झाकणाला खिळ्याने भोकं पाडत होते, तेवढ्यात तुझे बाबा मागे येऊन उभे राहिले. काय चाललंय, म्हणाले. मी म्हटलं, कपड्यांचे चिमटे ठेवायला बरणी करतेय. चिमट्यांना हवा कशाला लागते, असं दुसऱ्या कुणीही विचारलं असतं. ते चष्मा शोधत निघून गेले. चष्मा कपाळावर होता.

बरणी आता स्वयंपाकघराच्या खिडकीत, पडद्यामागे आहे. आत मूठभर खडी, बुटक्या झुडपाची एक डहाळी, आणि तो. आपला खड्या नाकतोडा. नर. पूर्वेच्या माळावरून आणलेला.

ठमे, पत्र बाजूला ठेवू नकोस. माळाबद्दल मी तुला चार वर्षांत एक अक्षर लिहिलं नाही. तुझी अट होती, ती पाळली. आज मोडते.

मला नाकतोड्यांतलं फारसं कळत नाही. मी गाडी चालवणारी. तुझे बाबा ओळ धरून माळ चालतात, ठरल्या जागी थांबतात, ऐकतात, किती गातात ते मोजतात. मी गाडीच्या सावलीत विणत बसते. पश्चिमेला गाडी रस्त्यावरच सोडावी लागते, तिथून काही ऐकू येत नाही. पूर्वेला मात्र पार माळावर नेता येते, आणि तिथे बसलं की एक आवाज यायचा. तीन तुटक टिचक्या, मग एक लांब, बारीक खरखर. मला वाटायचं, इंजिन निवतंय. तापलेलं लोखंड निवताना असंच काहीतरी बोलत असतं. आज पाणी भरायला बॉनेट उघडलं. गाडी सकाळपासून उभी होती. इंजिनाला हात लावला तर गार. आणि आवाज चालूच. पायांपाशी, डावीकडे, पुढे, जिकडेतिकडे.

तेव्हा मला तुम्ही दोघं आठवलात. जेवणाच्या टेबलाशी बसून तोंडाने तो आवाज काढायचात. तीन तुटक, एक लांब. मी ओरडायची की सूप गार होतंय.

दिसत काहीच नव्हतं. नुसती खडी. एक खडा सरकल्यासारखा वाटला, त्याच्यावर टोपी टाकली. टोपीखाली हात घातला तेव्हा तो फडफडला आणि मागचा पंख उघडला. बुडाशी लिंबासारखा पिवळा, मग काळा पट्टा, आणि तो पट्टा कडेच्या अलीकडेच थांबलेला. रेघ्या नाकतोड्याचा पट्टा कडेपर्यंत जातो, खड्याचा जात नाही. हे तूच मला एकदा भांडी पुसता पुसता सांगितलं होतंस. बाकी दोघे सारखेच. रंग खडीचा, आकार खडीचा, बसणंही खडीचं.

मी टोपीवर दोन्ही हात दाबून गुडघ्यांवर बसले होते आणि तुझे बाबा शेजारून गेले. काय हरवलं, म्हणाले. सुई, म्हटलं. ते थोडे पुढे जाऊन थांबले आणि नेहमीसारखे डोळे मिटून ऐकत उभे राहिले. त्यांच्या बुटाशी एक गात होता. मला तो बसल्या जागेवरून ऐकू येत होता. त्यांनी डोळे उघडले, मान हलवली आणि पुढे गेले.

गाडीत बसल्यावर म्हणाले, "संपला गं पूर्वेचा."

मी गाडी सुरू केली. टोपी मांडीवर होती. घरापर्यंत एका हाताने चालवली, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

तू बरोबर होतीस, एवढंच सांगायचं होतं. तू ये.

६ मे

तुझं उत्तर अजून नाही. टपालाला वेळ लागतो, हे मी स्वतःला सांगते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढलेल्या बाईवर पत्रं लिहायची वेळ यावी, याचं माझ्या जुन्या मैत्रिणींना हसू येईल. पण तू फोन उचलत नाहीस आणि पत्र फाडत नाहीस, हे मला ठाऊक आहे.

पंचवीस तारखेला माळाची हद्द ठरवणारी समिती बसणार आहे. तू असताना जी होती तीच. सचिवबाई त्याच आहेत, आता त्यांनी केस आखूड केलेत. या वेळी प्रश्न पूर्वेच्या माळाचा आहे. खड्या जगात या एकाच माळावर, म्हणून माळाभोवती ते राखीव हद्दीचे खांब. कोरड्या नदीपासून टेकड्यांपर्यंत. पश्चिमेची खडी जाड, तिथला खड्या मोठा आणि आवाजाने भरदार. पूर्वेची खडी बारीक, तिथला अंगाने लहान आणि आवाजाने त्याहून. हे सगळं तुझ्या बाबांनीच शोधलेलं. आता ते लिहून देणार की पूर्वेला तो उरला नाही. मग खांब मधोमध येतील आणि पूर्वेचा माळ खडीवाल्याला मिळेल. तो वरची सगळी खडी उचलून नेणार, यंत्रात घालून फोडणार. खड्यालाही खडीच लागते आणि खडीवाल्यालाही. एका मालाची दोन गिऱ्हाइकं, त्यातलं एकच बोलतं.

आज सकाळी त्यांनी निवेदन लिहून पुरं केलं आणि मला वाचून दाखवलं. मी ओट्याशी उभी होते. खिडकीत ऊन आलं होतं. उन्हात बरणी तापते, आणि तापली की तो गातो. त्यांनी पहिलं वाक्य वाचलं, तेव्हा तो सुरू झाला. सबंध निवेदनभर गात होता. मी नळ सोडला. मग मलाच लाज वाटली आणि बंद केला. नळाची गरज नव्हती.

निवेदन चांगलं लिहिलंय. मृत्युलेखासारखं. एका ठिकाणी ते वाचता वाचता थांबले. "मी त्याला ओळखत होतो," असं वाक्य आहे. समितीसमोर असं वाक्य बरं दिसेल का, असं त्यांनी विचारलं. राहू दे, म्हटलं.

तू म्हणशील, मग सांगत का नाहीस. ऐक. खडीवाल्याने वकील ठेवलाय. तरुण आहे, गोड बोलतो, दारात आला की आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो. ज्या माणसाला पूर्वेचा आवाज ऐकू येत नाही, त्याचे पश्चिमेचे आकडे तरी कशावरून खरे, एवढं त्याने विचारलं की पुरे. मग नकाशा गेला, खांब गेले, दोन्ही माळ गेले. झाकली मूठ आहे ती. पण तू आलीस, पुन्हा पूर्वेची ओळ चाललीस, तुझे आकडे त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवलेस, तर कुणाची शोभा व्हायला नको. वय झालं, आता मुलगी मोजते, एवढंच म्हणायचं. त्यांचं नाव राहील, माळ राहील.

मी याचा चारी बाजूंनी विचार केलाय. तू आल्याशिवाय ते जमत नाही.

काल जेवताना त्यांनी तुझा विषय काढला, आपणहून. म्हणाले, "धान्याच्या गोदामात बरं असेल तिला. सोंडकिडे गात नाहीत. भांडायला कारण नाही." मी ताटातून वर बघितलं नाही.

१० मे

तुझं उत्तर मिळालं. एवढ्या मोठ्या कागदावर दोन ओळी. आई, त्यांना आजच सांग. माझ्या येण्याशी त्याची गाठ घालू नकोस.

मी कुठे गाठ घातली? मी सोय सांगितली. सोय आणि गाठ यांत फरक आहे.

तुझ्या दोन ओळींखाली तिसरी आहे, खोडलेली. मी ती उजेडाशी धरून वाचली. तुला किती दिवसांपासून माहीत आहे, असं तू विचारलं होतंस. मला काय माहीत असणार? दाराची घंटा बदलून जाड आवाजाची बसवली, ती जुनी बिघडली म्हणून. फोन मी घेते, कारण मला सवय आहे. त्यांच्या मनगटी घड्याळाचा गजर मी बंद करते, कारण ते विसरभोळे आहेत. पाखरांबद्दल ते आता बोलत नाहीत, पण माणूस एकेका वयात एकेका गोष्टीबद्दल बोलायचं थांबतो. मी काही शपथेवर नाही, ठमे.

आणि पश्चिमेला त्यांना ऐकू येतो. परवा गेलो होतो तेव्हा इतके आनंदात होते की परतताना सगळा वेळ शीळ घालत होते. जाडा आवाज ऐकू येतो, बोलणं ऐकू येतं, गाडीचा बिघाड माझ्याआधी ऐकू येतो. अशा माणसाला तुम्ही बहिरे झालात असं कसं म्हणायचं? ते झालेलेच नाहीत. वरचा एक थर गेलाय फक्त. आणि नेमका त्या थरात तो राहतो.

चार वर्षांपूर्वी समितीत ते तुझ्यावर ओरडले, ते सचिवबाईंसमोर ओरडायला नको होतं. नकाशात पूर्वेच्या ओळीवर तू खुणा केल्यास आणि त्यांनी त्या सगळ्यांदेखत पुसल्या. "मला ऐकू येत नाही ते हिला ऐकू येतं, म्हणजे ही ऐकत नाही, ही मनाने भरते." मला शब्द न् शब्द पाठ आहे. तूही एक तरी पकडून हातावर ठेवायचा होतास. पण तुला मारायचा नव्हता. आणि त्यांचा नियम तर तुला माहीत होता, वाद झाला की जीव मारून, टाचून समोर ठेवायचा. दोघंही खरी, दोघंही हट्टी. आपलेच दात, आपलेच ओठ. मी मधे.

बरणीतला ठीक आहे. रोज झुडपाची ताजी डहाळी लागते. दुसरं काही खात नाही. लेट्यूस दिलं, त्याच्याकडे त्याने पाठ केली. बाबांसारखंच. डहाळीसाठी मी एकटी गाडी काढून माळाच्या कडेपर्यंत जाते, भाजी आणायला जाते असं सांगून. आपल्या घरात हल्ली भाजी फार झालीय.

तुझ्या खोलीतल्या चादरी धुतल्या. ऊन चांगलं आहे म्हणून.

१३ मे

दुपारी सचिवबाईंचा फोन आला. मीच घेतला. अध्यक्ष परदेशी जाणार आहेत, म्हणून सभा अलीकडे ओढली. पंचवीसऐवजी पंधरा. म्हणजे परवा सकाळी. साहेब येतील ना, त्यांनी विचारलं. विचारते, म्हटलं.

एक्स्चेंजमध्ये आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, निरोप आला तसा पुढे द्यायचा, त्यात आपलं घालायचं नाही आणि त्यातलं काढायचं नाही. मी बागेत गेले आणि निरोप आला तसा दिला. ते म्हणाले, बरं, लवकर सुटका. आत येऊन त्यांनी इस्त्री तापत ठेवली आणि स्वतःचा शर्ट काढला.

मी इस्त्रीशेजारी उभी होते. बरणी तीन हातांवर होती.

मग मी तुझ्या गोदामाच्या कचेरीत फोन केला. तिथली बाई म्हणाली, त्या आत मोजणीला गेल्यात, निरोप देते. मी म्हटलं, आईने उद्याच्या बसने यायला सांगितलंय. कशासाठी, तिने विचारलं. घरचं काम आहे, म्हटलं. सभेचं सांगितलं नाही. लांब निरोप वाटेत बदलतो.

तू म्हणशील, खरं सांगितलं असतंस तर मी आले असते. किंवा म्हणशील, खरं सांगितलं असतंस तर मी त्यांनाच फोन केला असता. दुसरं जास्त खरं असेल. म्हणून नसेल सांगितलं.

हे पत्र तुला पोचेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल. तरी लिहिते. लिहिलं नाही तर हात मोकळे राहतात आणि मग मी उगाच बरणीकडे जाते.

उद्या दुपारी मी बसस्टँडवर येते. तुझी खोली तयार आहे.

१५ मे

काल दुपारची बस आली. मी फलाटावर शेवटचा माणूस उतरेपर्यंत थांबले. मग ड्रायव्हरला विचारलं, मागे अजून एक गाडी आहे का. तो म्हणाला, मावशी, रोज एकच असते.

तुझा राग नाही. निरोपच तसा होता.

संध्याकाळी तुझे बाबा पायरीवर बसून बूट चकचकीत करत होते. मी आज सांगायचंच ठरवून बाहेर गेले. शेजारी बसले. त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि म्हणाले, "उद्याचं एकदा होऊ दे. मग तिला लिहीन म्हणतो. लिहीन, की तू म्हणत होतीस तो तिथे असता तर मला फार आवडलं असतं."

चार वर्षांत ते पहिल्यांदा असं बोलले. मला वाटलं, आता मधे बोललं तर हे मोडेल. हे पत्र त्यांच्या हातून जाऊ दे, मग बघू. माझं तोंड उघडलेलं होतं. ते मी मिटलं आणि दुसरा बूट त्यांच्या हातात दिला.

आज सकाळी मीच त्यांना सभेला नेलं. इमारतीसमोर गाडी लावून आत बसून राहिले, नेहमीसारखी विणत. वरच्या मजल्याची एक खिडकी उघडी होती. खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, कुणीतरी खोकलं. मग त्यांचा आवाज. वाक्यं कळत नव्हती, पण मला निवेदन पाठ होतं, त्यामुळे कुठे आलेत ते कळत होतं. "मी त्याला ओळखत होतो" इथे ते थांबले.  जिना चढून वर जायला मला किती वेळ लागला असता? मी टाका चुकले, उसवला, पुन्हा घातला.

ते खाली आले. मागोमाग तो वकील. त्याने त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी केली.

गाडीत बसून ते म्हणाले, "झालं."

घरी आल्यावर मी काही ठरवलं नाही. जेवण झालं, टेबल पुसलं, टेबलावर ऊन आलं. मी पडदा सरकवला, बरणी आणली आणि त्यांच्यासमोर उन्हात ठेवली.

त्यांनी आधी माझ्याकडे नाही, बरणीकडेच बघितलं. चष्मा खाली ओढला. झाकण उघडून दोन बोटं आत घातली आणि त्याला असा उचलला की त्याला कळलंही नसेल. अजून तोच हात आहे, ठमे. अंगठ्याच्या नखाने डावा पंख उलगडला, भिंग लावलं. मानेमागची ढाल बघितली, पट्टा बघितला, तो कुठे थांबतो ते बघितलं. मांडीच्या आतल्या बाजूची दातांची ओळ बघितली, ज्या ओळीने हे नाकतोडे पंख घासून गातात.

"नर," म्हणाले. "पूर्वेकडचा. कुठे मिळाला?"

"पूर्वेला."

त्यांनी त्याला हलकेच बरणीत सोडलं. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला वाटलं, इथेच थांबावं. मग बरणी तापली आणि तो गायला लागला. ते हनुवटी टेबलाला टेकवून, काचेला नाक लावून बघत होते. त्याच्या दोन्ही मांड्या वर-खाली होत होत्या. तीन लहान झटके, मग एक लांब थरथर.

"पाय हलवतोय," ते म्हणाले. "पण आवाज काढत नाही. घाबरला असेल."

 त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी चेहरा सावरायला हवा होता. पंचेचाळीस माणसांची बोलणी एका वेळी ऐकून चेहरा सरळ ठेवायची मी, मला जमलं नाही.

"गातोय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आत्ता?"

"हो."

त्यांनी पुन्हा काचेत बघितलं. तो थांबेपर्यंत बघत राहिले. थांबला हे त्यांना पायांवरून कळलं. मग त्यांनी विचारलं, तुला कळवलं का. मी म्हटलं, कळवलं. कधी? मी म्हटलं, ज्या दिवशी पकडला त्या दिवशी, दोन तारखेला.

दोन तारीख ते मनात फिरवत होते, हे मला दिसत होतं. पंधरातून दोन वजा व्हायला वेळ लागत नाही.

"म्हणजे सभेच्या आधी," ते म्हणाले.

मी वकिलाचं सांगितलं, नकाशाचं सांगितलं, झाकल्या मुठीचं सांगितलं. सगळं तुला लिहिलं होतं तसंच. ते ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "ते नाही. खरं सांग."

मी म्हटलं, मला वाटलं, या निमित्ताने ती येईल.

ते बराच वेळ बरणीचं झाकण हातात फिरवत होते. भोकांमधून माझ्याकडे बघितल्यासारखं केलं, पण चेष्टा नव्हती. म्हणाले, "तुला ती हवी होती तर मला सांगायचं होतंस. हाकललं मी होतं. मी गेलो असतो."

हे मला सुचलंच नव्हतं. तुला आणायचे सगळे रस्ते मी शोधले. ते जातील, हा एक रस्ता माझ्या डोक्यात आलाच नाही. एका घरात राहून.

मग त्यांनी सचिवबाईंना फोन लावायला सांगितलं. बोलले स्वतःच. माझे कान गेलेत, म्हणाले, पूर्वेचे चार वर्षांचे आकडे काढून टाका, त्यातले माझ्या मुलीचे परत लावा. पश्चिमेचेही तपासून घ्या. असं म्हणाले, स्वच्छ, जोरात, शेजारी ऐकतील एवढ्या जोरात. मग मला रिसीव्हर दिला, कारण पलीकडचा आवाज बारीक होता. सचिवबाई म्हणाल्या, सह्या झाल्या. हुकूम निघाला. नवी मोजणी आली तर पुढच्या हंगामात ठेवता येईल. पुढच्या हंगामात तिथे खडी नसेल, मी म्हटलं.  त्या म्हणाल्या, खांब काढायला माणसं उद्यापासूनच येणार आहेत, तुम्हाला सांगून ठेवते.

मी निरोप आला तसा दिला.

ते म्हणाले, "निदान मोजून ठेवू."

बाकी माझ्याशी काही बोलले नाहीत. रागावलेत असंही नाही. मीठ दे म्हणाले, दिलं.

१६ मे

आज सकाळी मी उठले तेव्हा ते बूट घालून दारात बसले होते. बरणी मांडीवर होती. पूर्वेला गेलो. त्यांनी बरणी आडवी धरली, तो बाहेर आला, खडीत बसला आणि पुन्हा दिसला नाही.

ऊन चढल्यावर ओळ सुरू केली. मी पुढे, ते माझ्या मागे. मला ऐकू आला की मी हात वर करायची आणि ते लिहायचे. जिथे दोन ऐकू आले तिथे दोन बोटं. एका जागी मी पाची बोटं वर केली, तेव्हा ते थांबले आणि खाली बघत राहिले. कुठे, त्यांनी विचारलं. मी दाखवलं. त्यांना दिसला नाही, मलाही नाही. तरी त्यांनी पाच लिहिले.

ओळीच्या मागच्या टोकाकडून माणसं खांब उपटत आमच्या दिशेने येत होती. त्यांच्यातल्या एकाने हात हलवून ओरडून सांगितलं, बाजूला व्हा, ट्रक यायचाय. तुझे बाबा पाठमोरे होते, वारा उलटा होता, त्यांना ऐकू गेलं नाही. ओळ संपेपर्यंत मी सांगितलं नाही.